हेळव्याच्या वहीतलं रिकामं वर्तुळ

हेळवी खोटं बोलत नाही असं आमच्याकडं म्हणतात. तो सगळं बोलतो असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

ज्यांना हेळवी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात सुगी झाली की हा माणूस बैलावर बसून गावात यायचा, अंगणात बसून जुनी वही उघडायचा आणि तुमच्या घराण्याची वंशावळ घडाघडा वाचून दाखवायचा. मूळ पुरुष कुठला, कोणती शाखा कुठं गेली, कोण कुणाच्या पोटचा. माझ्या आजोबांच्या दोन बायकांचा घोळ त्यानंच चारचौघांत बाहेर काढला होता. त्यामुळं तो आला की आमच्या घरातली मोठी माणसं जरा गडबडूनच जायची.

तर माळेवाडीच्या महिला कारागृहात पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र आलं. सरकारी नाव 'वंशवेल'. मी, सुलभा चौगुले, तिथली प्रयोगशाळा तंत्रज्ञ. नोकरीला सतरा वर्षं झालेली. यंत्र काय करतं ते मी शालनला सांगितलं तशी ती म्हणाली, "म्हंजी हेळवीच की वं बाई!" आणि सगळ्या जेलमध्ये तेच नाव पडलं. शालन मगदूम ही माझ्याकडं झाडलोट करायला येणारी पक्की कैदी. अंगावर धावून आलेल्या दिराला तिनं कोयत्यानं मारलं होतं, आणि जन्मठेपेची तेरा वर्षं संपत आली होती.

बावीस जानेवारीला सकाळी अकराच्या सुमाराला हेळव्यानं पडद्यावर वंशावळ मांडली. गालफुगीची. गालगुंडाचीच ही नवी जात, चार दिवसांत डोकं वर काढणारी. एकोणीस बायका आजारी होत्या आणि पाच नंबर बराकीतल्या अश्विनी नावाच्या तेवीस वर्षांच्या पोरीचा डावा कान कायमचा गेला होता. पडद्यावर प्रत्येकीचं एक वर्तुळ, वर्तुळांना जोडणाऱ्या रेघा. सगळ्या रेघा मागं मागं जात एकाच वर्तुळापाशी थांबल्या. आत नाव होतं शालन मगदूम, बराक तीन.

तिच्याही वर एक वर्तुळ होतं, तुटक रेघेचं. त्यात नाव नव्हतं.

"हे काय?"

मी दचकले. जेलर सोनटक्के मॅडम मागं कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नव्हतं. वर्षाच्या सुरुवातीला अक्कलदाढ काढायला म्हणून त्या चार दिवस रजेवर गेल्या होत्या. तेव्हापासून गळ्याला गालांपर्यंत चढवलेला मफलर आणि तोंडात लवंग.

"मगदूमला ज्याच्याकडून लागण झाली ती व्यक्ती," मी म्हटलं. "तिचा नमुना आपल्याकडं नाही, म्हणून यंत्र जागा रिकामी सोडतं."

"म्हणजे बाहेरचं कुणी. पण मगदूमला तेरा वर्षांत एक मुलाखत आली नाही. तिला बाहेरचं कोण भेटणार?" त्यांनी पेनचं टोक त्या वर्तुळावर टेकवलं. "काहीतरी चोरून आत येतंय. शोधा, चौगुले बाई. इथं कोण बसतं ते मला पंचवीस तारखेपर्यंत हवंय."

"हो मॅडम," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार, कपाळ? त्या वर्तुळात मीच बसलेली मला दिसत होते.

*

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. हा विषाणू म्हणजे पंधरा हजार अक्षरांची एक लांबलचक ओळ. घशात शिरला की तो स्वतःच्या नकला काढत सुटतो. नक्कल करताना कधीमधी एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या नकलांत तशीच जाते. शाळेत एकीचा निबंध दुसरीनं उतरवला आणि दुसरीचा तिसरीनं, तर बाई कशा ओळखायच्या? चुकांवरून. दुसरीची चूक तिसरीकडं आहे, पहिलीकडं नाही, म्हणजे कोण कुणाच्या मागं बसली होती ते कळलं. हेळवी थुंकीच्या नमुन्यातली ती पंधरा हजार अक्षरं वाचतो, चुका जुळवतो आणि वंशावळ मांडतो.

यंत्र आलं तेव्हा आम्ही खूश होतो. आजार कुठून कुठं जातोय ते कळलं की तो थांबवता येतो, इतकं सरळ होतं सगळं. पण सरकारच्या हातात वंशावळ आली की सरकार मूळ पुरुष शोधतंच. वर्षभरात 'साखळी नियम' निघाला. बंदी असलेल्या वस्तूतून किंवा वागण्यातून जिनं आजार आत आणला, तिची माफी रद्द. माफी म्हणजे चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेतून कमी झालेले दिवस. शालनच्या बाबतीत ते अडीच वर्षांचे होते. त्यांच्या जोरावर ती सव्वीस जानेवारीला सुटणार होती.

आणि सव्वीस जानेवारीला तिची समीक्षा येणार होती. आई जेलमध्ये गेली तेव्हा आठ वर्षांची असलेली ही पोर काकांच्या घरी वाढली, म्हणजे जो मेला त्याच्याच घरी. तेरा वर्षांत तिनं आईला एक ओळ लिहिली नव्हती. डिसेंबरात पहिलं पत्र आलं, चार ओळींचं. 'सव्वीसला सकाळी गेटवर येते. इथे खोटं सांगून येणार आहे, पुन्हा जमणार नाही. त्या दिवशी दिसली नाहीस तर मी तुला मेली समजेन.' शालननं ते पत्र माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतलं की मला ते पाठ झालं. तिला वाचता येत होतं. तरी ती मलाच वाचायला लावायची.

कर्मचाऱ्यांचे नमुने मात्र वंशावळीत घ्यायचे नाहीत, असा आमच्या संघटनेनं नियम करून घेतला होता. खाजगीपणाचा प्रश्न म्हणे. कैद्यांच्या खाजगीपणाबद्दल कुणी विचारलं नाही, आणि मीही टाळ्या वाजवणाऱ्यांतच होते.

*

आता डबीचं सांगते. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

मी बी.एस्सी. झालेली, पांढरा कोट घालणारी बाई, आणि मी मशेरी लावते. आईनं लावायला शिकवली बाराव्या वर्षी, दात दुखत होता म्हणून. सुटली नाही मेली. तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखू, तिची पूड, ओलं बोट बुडवायचं आणि हिरड्यांवर फिरवायची. शिकल्यासवरल्या बायका तिचं नाव घेत नाहीत, म्हणून मी ती क्रीमच्या जुन्या डबीत घालून प्रयोगशाळेच्या खणात ठेवायची. डबीवर चिठ्ठी 'रिएजंट क्रमांक ४'. सतरा वर्षांत एकाही झडतीत कुणी ती उघडून बघितली नाही.

शालनला पहिल्याच आठवड्यात वास आला. तिनं झाडू थांबवला, नाक वर केलं आणि म्हणाली, "बाई, कुठल्या गावची तंबाखू?" त्या दिवसापासून रोज सकाळी दहा वाजता निर्जंतुक करायच्या भट्टीमागं आम्ही दोघी बसायचो. तिला मी स्टूल द्यायची. एक डबी, दोन बोटं. जंतूंवर व्याख्यानं देणारी मी, पण मशेरीच्या डबीत आपण दुसरीचं ओलं बोट बघत नाही. आई, मावशी, शेजारीण सगळ्यांची एकच डबी असते. ते जंतूंच्या हिशेबात धरायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एवढंच कशाला, नोव्हेंबरापासून डबी लवकर संपायला लागली तेव्हा मी शालनवरच ओरडले. "बोट बुडवतेस की कुदळ मारतेस गं?" ती शपथेवर सांगत होती की तिनं जास्तीचं कणभरही घेतलं नाही. मी म्हटलं, चोरी करशील तर कर, खोटं बोलू नकोस. दोन दिवस अबोला होता.

शालन पदराच्या टोकाला चिमूटभर बांधून न्यायची, हे मला माहीत होतं. तिच्या बराकीत, शिवणखात्यात, पाच नंबरात. म्हणून ती वंशावळ जेलर मॅडमना कोड्यासारखी वाटली आणि मला लख्ख कळली. एकमेकींशी न बोलणाऱ्या बायका एका रेघेत कशा, असं त्या विचारत होत्या. ती मशेरीची वाट होती. अश्विनीचा कान त्याच वाटेवर होता. आणि आठ तारखेला शालनचा गाल सुजायच्या सुमारास माझा घसा खवखवत होता, दोन दिवस कान ठणकला होता. मी मीठपाण्याच्या गुळण्या करून कामाला आले होते. म्हणजे मीच आणलं. याशिवाय दुसरं काही असू शकतं असं मला वाटलंच नाही.

*

तेवीस तारखेला जेलर मॅडमनी शालनला ऑफिसात उभं केलं. मी यंत्राचे कागद घेऊन शेजारी.

"कोण आणून देतं तुला? काय आणून देतं?"

शालन जमिनीकडं बघत राहिली.

"मगदूम, तुझ्या सव्वीसच्या सुटकेचा कागद माझ्या टेबलावर आहे. एक नाव सांग आणि जा घरी."

माझं नाव तिच्या ओठांवर होतं आणि तिचं घर माझ्या. आत्ता बोल, सुलभे, असं मी स्वतःला म्हणत होते, आणि हातातले कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होते. जेलमध्ये तंबाखू आणणं म्हणजे बडतर्फी. वर पेपरात फोटो. गावात भाऊ, पुतणे, सगळे 'मॅडम' म्हणतात मला.

"विलगीकरणात टाका," जेलर मॅडम म्हणाल्या.

दुपारी नमुना घ्यायच्या निमित्तानं मी तिच्या खोलीत गेले. दाराशी शिपाईण होती म्हणून कुजबुजले, "मी सांगते. मी आजच अधीक्षक साहेबांना सांगते."

"तुमी गप ऱ्हावा," शालन म्हणाली.

"अगं, तुझी पोर येणार आहे!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "तुमी सांगितलं म्हणून मला सोडत्याल व्हय? उलट दोघीबी अडकू. गप ऱ्हावा, बाई."

आणि मी गप्प राहिले. तिनं सांगितलं म्हणून राहिले असं त्या दिवशी मनाला बजावलं. खरं तर मला तेच ऐकायचं होतं. घरी जाऊन जेवले, झोप आली नाही, पण जेवले. ते विसरता येत नाही.

*

चोवीस तारखेला सकाळी मी दार लावून स्वतःच्या घशात काडी फिरवली आणि नमुना हेळव्याला दिला. नाव टाकलं नाही, नुसता आकडा. कबुली द्यायची तर पुराव्यानिशी, म्हणजे शालन निर्दोष आहे हे कागदावर येईल. तुटक वर्तुळात माझा आकडा बसेल आणि साखळीचं मूळ मी ठरेन. निदान एवढं तरी.

यंत्राला चार तास लागतात. दीड वाजता वंशावळ पुन्हा मांडली गेली. मी बघत बसले. पुन्हा बघितलं. मग उठून पाणी प्यायले.

माझं वर्तुळ शालनच्या खाली होतं.

शालनच्या विषाणूत दोन चुका होत्या, त्या दोन्ही माझ्यात होत्या. वर माझी स्वतःची तिसरी. म्हणजे तिच्याकडून मला आला होता, माझ्याकडून तिला नाही. तुटक वर्तुळ जिथल्या तिथं, रिकामंच.

खरं सांगते, पहिल्यांदा मला हसू आलं. सुटले! मी नाही आणला! टेबलावर डोकं टेकून मी रडले सुद्धा, आनंदानं. आणि मग लक्षात आलं की मी सुटले म्हणजे शालन आणखी पक्की अडकली. आता मी कबुली दिली तरी यंत्र म्हणणार, मूळ तीच. माझी सतरा वर्षांची नोकरी जाईल आणि तिचं काहीच वाचणार नाही.

मग हिला दिला कुणी? बाहेरचं माणूस भेटत नाही. आजारी असलेल्या सगळ्या तिच्या खालच्या. ती आणि तिच्या वरचं कुणीतरी, दोघांत काय सारखं आहे? मी खण उघडला. डबी अर्ध्याच्या खाली गेली होती. शालन कालपासून कोंडलेली, भीतीनं मी बोट लावलेलं नाही, आणि सोमवारी भरलेली डबी अर्धी?

अगं बाई.

नोव्हेंबरापासूनची चोरी. शालननं शपथ घेतली होती आणि मी तिला खोटारडी म्हटलं होतं.

*

मशेरीतून विषाणू वाचायचा प्रयत्न जगात कुणी केला असेल असं वाटत नाही. त्यातला कोळसा रसायनं गिळून टाकतो. पहिल्या खेपेला हेळव्यानं नुसतं 'नमुना अयोग्य' म्हटलं. डबीच्या कडेला ओल्या बोटांनी एक थर जमतो, तो मी खरवडला, चार वेळा धुतला, दहा पट पातळ केला आणि परत लावला. दार लावलेलं होतं. बाहेर जेलर मॅडमच्या बुटांचा आवाज दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा कडी वाजली.

"चौगुले बाई, मिळालं का काही?"

"चालू आहे मॅडम."

"उद्या बाराला साहेब सही करणार आहेत. मगदूमच्या वरचं नाव नाही मिळालं तरी चालेल. मगदूम पुरेशी आहे."

पावलं लांब गेली. पंचवीसला सकाळी परत येऊन बघितलं तर अक्षरं आली होती. डबीतल्या थरात एक नाही, तीन विषाणू मिसळलेले होते. एक माझा, तीन चुकांवाला. एक शालनचा, दोन चुकांवाला. तिसऱ्यात आमची एकही चूक नव्हती, म्हणजे तो आम्हा दोघींच्या आधीचा. पण नुसता आधीचा म्हटलं तर तो शालनचाच सुरुवातीचा असेल असं कुणीही म्हणालं असतं. म्हणून मी अक्षर अन् अक्षर परत तपासलं. त्या तिसऱ्याची एक स्वतःची चूक होती. ती शालनमध्ये नव्हती, माझ्यात नव्हती आणि जेलमधल्या दोनशे बारा बायकांपैकी कुणाच्याही नमुन्यात नव्हती.

तिसरं बोट कैदी नव्हतं. आणि प्रयोगशाळेच्या कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला, दुसरी जेलरच्या फळीवर. रोज सकाळी आठला, मी यायच्या आधी, प्रयोगशाळेची झडती कोण घेतं? लवंग कशाचा वास मारायला चघळतात? आणि दाढ काढली तर मफलर दोन्ही गालांवर कशाला?

मी तशीच विलगीकरणात गेले. "शालन, सोनटक्के मॅडम?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच लाजले. "तुमास्नी आत्ता कळलं? रुमाल बघितला न्हाई कधी तिचा? काळा असतोय."

"मग बोलली का नाहीस? मी तुला चोर म्हटलं तरी बोलली नाहीस!"

"तिचं नाव घेतलं तर ती तुमचं घेणार. डबी तुमची." ती पदराचं टोक उलगडत, गुंडाळत होती. "तेरा वर्षांत मला बस असं कुणी म्हटलं न्हाई, बाई. तुमी स्टूल दिलं."

दाराशी शिपाईण होती, तरी मी तिचा हात धरला.

*

बाराला पाच मिनिटं होती. अधीक्षक पेडणेकर साहेब टेबलामागं, समोर शालनची माफी रद्द करायचा कागद, पेनचं टोपण काढलेलं. जेलर मॅडम उजव्या हाताला. मी आत गेले आणि कागदावर डबी ठेवली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"मशेरी. माझी. सतरा वर्षं आत आणतेय." एवढं बोलल्यावर पुढचं सोपं झालं. "हीच ती चोरून येणारी वस्तू, साहेब. आजार हिच्यातून पसरला. हे यंत्राचे कागद. यात तीन बोटं आहेत. एक माझं, एक शालनचं. तिसरं सगळ्यात आधीचं, आणि ते कैद्यांतलं नाही."

जेलर मॅडम ताडकन उठल्या. "साहेब, हिनं कबुली दिलीय. हिच्यावर कारवाई करा आणि मगदूमवरही. बाकी सगळी बनवाबनवी आहे. डबीतून काय विषाणू वाचतात?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी ओरडले. ऑफिसात आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. खिशातून तीन बंद काड्या काढून डबीशेजारी ठेवल्या. "माझा नमुना मी दिलाय. आता इथल्या सगळ्यांनी द्यावा. अश्विनीचा कान गेलाय, मॅडम. तेवीस वर्षांची आहे ती."

साहेबांनी एक काडी उचलली, उलटसुलट केली. मग जेलर मॅडमकडं बघितलं. त्या बसल्या. हात आपोआप मफलरकडं गेला आणि तिथंच राहिला.

"नियमात नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही," साहेब म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "चौगुले बाई, नीट ऐका. ही काडी मी वापरली तर जे निघेल ते मला लिहावं लागेल. मग खात्यांतर्गत चौकशी. चौकशी संपेपर्यंत साखळीतल्या कुणाचीही सुटका होत नाही. सहा महिने, वर्ष. मगदूमचीही नाही."

साहेबांनी काडी माझ्यापुढं धरली.

"नाही वापरली, तर मला एवढंच लिहिता येतं की मगदूमच्या आधीचं कुणीतरी आहे असं डबीवरून दिसतं, पण मूळ नमुना उपलब्ध नाही आणि वंशावळ अपुरी आहे. अपुऱ्या वंशावळीवर कुणाची माफी काढता येत नाही. ती उद्या सुटेल." त्यांनी काडी परत टेबलावर ठेवली. "तुम्हाला मात्र निलंबित करावं लागेल. डबी तुम्ही स्वतःच टेबलावर ठेवलीत. आता सांगा."

त्या काडीनं एक मिनिटात सगळं सिद्ध झालं असतं. समोर बसलेल्या बाईनं पेन टेकवून विचारलं होतं, इथं कोण बसतं? तिला तिथं बसवायची किल्ली माझ्या हातात होती आणि ती फिरवावी असं मला रागानं फार वाटत होतं. पण डोळ्यांपुढं गेटवर उभी असलेली एक पोर होती, जिला मी कधी बघितलेलंही नव्हतं.

मी तिन्ही काड्या उचलल्या आणि खिशात टाकल्या.

"अपुरी लिहा," मी म्हटलं.

जेलर मॅडमनी मान वर केली नाही. मी दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, अगदी बारीक, "माझी आई लावायची." मी थांबले नाही. मला त्यांची दया आली असती तर मला स्वतःचाच राग आला असता.

पाच वाजता किल्ल्या द्यायच्या होत्या. त्याआधी मी हेळव्याला एक शेवटचा नमुना दिला.

*

सव्वीसला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली गेली, बाहेर रस्त्यावर स्पीकर लागला होता. मी गेटच्या बाहेरच्या बाजूला उभी होते. ओळखपत्र काढून घेतलेलं. गंमत बघा, सतरा वर्षांत त्या बाजूनं कधी उभी राहिले नव्हते.

निंबाच्या झाडाखाली एक मुलगी स्कूटी लावून उभी होती. निळा ड्रेस, हेल्मेट हातात, नजर गेटवर. दहा वाजले, सव्वादहा झाले. तिनं हेल्मेट डोक्यात घातलं. माझा जीव खालीवर. मी जाऊन "थांब" म्हणणार, तेवढ्यात छोटं दार उघडलं.

शालन बाहेर आली. जेलच्या हिरव्या साडीच्या जागी तेरा वर्षांपूर्वीची घडी पडलेली, चुरगळलेली अबोली साडी. ती चार पावलं आली आणि थांबली. मुलगीही स्कूटीपासून हलली नाही. दोघींत दहा हात अंतर, आणि एकही पाऊल पुढं पडेना. मग समीक्षा आली. हेल्मेट काढून, ओठ घट्ट दाबून, आईच्या समोर येऊन उभी राहिली.

शालनचे दोन्ही हात पोरीच्या गालांकडं उठले आणि हवेतच थांबले. ती वळली. मला शोधत होती.

"बाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "हात लावू का? पोरीला लागंल का माझं?"

एका यंत्रानं, एका वंशावळीनं एका आईला हे विचारायला लावलं होतं.

"लाव गं," मी म्हटलं. "काल संध्याकाळी तुझा नमुना तपासला. काही नाही तुझ्यात. हेळव्याच्या वहीत तुझं नाव नाही आता."

तरी ती क्षणभर थांबली. मग तिनं तळवे समीक्षाच्या गालांवरून खाली उतरवले, स्वतःच्या कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली. दहाच्या दहा कडाकड वाजली. गेटवरच्या शिपायानंसुद्धा वळून बघितलं.

समीक्षा रडायला लागली. "आई, चल," ती म्हणाली. "मला चारला परत जायचंय."